खिळे धुतलेलं पाणी

सोनाजीमामा हात धुतलेलं पाणी जमिनीवर टाकत नसत. छापखान्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मी हे पाहिलं आणि मला वाटलं, या माणसाचं डोकं थोडं फिरलेलं असावं. एका पत्र्याच्या डब्यावर हात धरून ते आधी राख चोळायचे, मग साबण लावायचे, बाभळीच्या काट्यानं नखं कोरायचे, चूळसुद्धा त्याच डब्यात टाकायचे. मग तो डबा पोटाशी धरून मागच्या अंगणात घेऊन जायचे. तोवर आमच्या निम्म्या भाकरी खाऊन झालेल्या असायच्या. माझ्याबरोबर बांधणीचं काम करणारी सरूबाई तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "मामा, तुमच्या हाताचं तीर्थ कुणाला नेऊन देता ओ?" मामा हसायचे नाहीत. म्हणायचे, "ज्याचं त्याला देऊन राह्यलो. शिसं हाये ते. छापखान्याचं हाये, छापखान्यातच ठिवायचं."

मी धावडा गावची. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा म्हणून आम्ही जालन्यात आलो. हमाली रोज मिळेना, तेव्हा सरूबाईनं मला छापखान्यात लावून दिलं. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, पानं लावायची, शिवायची, गठ्ठे बांधायचे. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. बांधणीतल्या सहा बायकांत लिहिता येणारी मी एकटी, म्हणून गठ्ठ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. कुठला कागद, कुठल्या कचेरीचा, एवढंच लिहायचं. बोलायचं काम नव्हतं, ते मला बरं वाटायचं. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, ती आजही पडते.

मामा जुळारी होते. एकेका अक्षराचे शिशाचे खिळे पेटीच्या घरांतून उचलून ओळीत लावायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं. मला ते वाचता यावं अशी त्यांची फार इच्छा. "आरशात बघितल्यावानी बघ, माय. अक्षर तेच हाये, फकत पाठ करून उभं राह्यलंय." महिनाभरात मी वाचायला लागले. एकदा त्यांच्या ओळीतली चूक मी बोटानं दाखवली, तेव्हा त्यांनी ती मान्य करून सगळ्या छापखान्याला ओरडून सांगितली. मला लाजेनं कुठं जाऊ असं झालं.

ते केदारखेड्याचे. वडिलांच्या काळातच घर बौद्ध झालेलं. छापखान्यात माठ एक होता आणि पेले दोन होते. कुणी ठरवलं, हे कुणी विचारलं नाही. मी धावड्यात जे पाहत आले तेच तिथं होतं, म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

पान छापून झालं की शाईनं माखलेले खिळे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं, कुंच्यानं घासून धुवावे लागतात. ते पाणी काळं होतं आणि खिळ्यांचं झिजलेलं शिसं त्यात उतरतं. दुसऱ्या छापखान्यांत ते गटारीत ओततात. आमच्याकडे मागच्या अंगणात मामांनी तीन रांजण गळ्यापर्यंत पुरले होते. काळं पाणी पहिल्या रांजणात. ते दोन दिवस निवळलं की वरचं हलक्या हातानं दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. तिसऱ्यातलं पाणी पुन्हा खिळे धुवायला. तळाचा गाळ पत्र्यावर वाळवायचा, त्याच्या वड्या पोत्यात भरायच्या, आणि झिजलेले खिळे वितळवून नवे ओतायला कारखान्यात परत जायचे त्यांच्याबरोबर ते पोतंही पाठवायचं. रांजणांवर लाकडी झाकणं होती, झाकणांवर दगड. एखाद्या दिवशी दगड हललेला दिसला की मामा अख्ख्या अंगणाला शिव्या द्यायचे.

हे त्यांना हैदराबादच्या एका उर्दू छापखान्यातल्या उस्तादानं शिकवलं होतं. तरुणपणी मामा तिथं कामाला होते. "उस्तादाचा पंजा असा लोंबायचा, माय," असं म्हणून ते मनगट सैल सोडून दाखवायचे. "भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता त्याला. म्हणायचा, सोनाजी, शिसं मरत न्हाई. आपण मरतो, ते तसंच बसून राह्यतं. मंग कुणाच्या तरी पोटात उठतं." उस्तादाचं हे बोलणं ते मराठीत सांगायचे, पण 'उस्ताद' म्हणताना कानाला हात लावायचे.

फुकट घालवणं त्यांना सोसायचंच नाही. खिळ्यांवर शाई फिरवायचे रूळ सरस आणि गूळ शिजवून ओतलेले असायचे. उन्हाळ्यात ते वितळून वाकडे झाले की मामा त्यांचे तुकडे करून पुन्हा शिजवायचे आणि पुन्हा ओतायचे. एका बाजूनं बिघडलेले कागद आम्हाला वाटायचे. "कोरी बाजू कोरीच हाये ना? तिचा काय गुन्हा?" मी असे पुष्कळ कागद घरी नेले. त्यांचं नेहमीचं एक बोलणं होतं: "छापखान्यातून बाहेर दोनच गोष्टी जाव्या. छापलेला कागद अन् घरी जाणारा माणूस. बाकी समदं आत." मालक आले-गेलेल्यांना हे हसून सांगायचे. तोवर त्यांना मामांचं कौतुक होतं. शिशाच्या वड्यांचं वजन धरून नवे खिळे मिळत, आणि पाणीही कमी लागे.

मग ती कोरडी वर्षं आली. लोक खडी फोडायच्या कामावर गेले, माझा नवराही गेला. आणि आमच्या छापखान्याला कधी नव्हती एवढी भरभराट आली. जिथं तिथं दुष्काळी कामं, आणि प्रत्येक कामाला हजेरीपत्रकं, फॉर्म, कार्डं. दिवसाला एक फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेली खिळ्यांची पानं, धुवायचा तिथं पाच-सहा धुवावे लागायला लागले. रांजणांत पाणी निवळायला दोन दिवस लागतात, तेवढं थांबायला कुणाला वेळ नव्हता. मालकांनी दोन माणसं लावली आणि मागच्या भिंतीला भोक पाडून ओढ्याकडे चर खोदायला घेतला.

ओढा कोरडा होता. पण त्याच्या पात्रात लोकांनी झिरे खोदले होते. वाळूत हातभर खड्डा केला की पाणी पाझरून साठतं, ते वाटीनं वाटीनं भरून घ्यायचं. गावातल्यांचा झिरा छापखान्याच्या वरच्या अंगाला होता. आमचा हंडा तिथं भरायचा. बौद्धवाड्याचा झिरा खालच्या अंगाला होता, आणि चर बरोबर या दोन्हींच्या मधे निघत होता.

मामांनी सगळ्यांसमोर मालकांना अडवलं. त्याआधी मी त्यांना मालकांशी वर मान करून बोलताना पाहिलं नव्हतं.

"मालक, चौथा रांजण पुरू. पाचवा पुरू. मी सुट्टीच्या दिवशी खोदतो. पण हे पाणी वढ्यात नका सोडू."

"अरे सोनाजी, वाळूत जिरून जाईल ते. वाळूसारखी गाळणी न्हाई जगात."

"काळेपण जिरंल, मालक. शिसं न्हाई जिरत."

"आणि तिकडं खाली पितं कोण?" मालक म्हणाले. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

मामांनी भिंतीतल्या भोकाकडे बोट केलं. मग म्हणाले, "माझी नात पिती, मालक."

दुसऱ्या दिवशी चर पुरा झाला. तिन्ही रांजणांत दगड टाकून ते बुजवले, कारण तिथं कागदाचे रिम रचायला जागा पाहिजे होती.

महिना-दीड महिन्यात खालच्या झिऱ्यावर पाणी प्यायलेल्या दोन शेळ्या तोंडाला फेस येऊन मेल्या. पोरांच्या ओठांना फोड आले. मामांची नात सुजाता चार वर्षांची. तिचं पोट दुखायला लागलं, आणि तसंच पोट मामांचं गेली कितीतरी वर्षं दुखत होतं. पोट आवळून खाली बसायचे, मग उठून पुन्हा कामाला लागायचे. एकदा त्यांनी मला खालचा ओठ ओढून दाखवला. हिरडीच्या कडेनं बारीक निळसर रेघ होती, कुणी शिसपेन्सिलीनं ओढावी तशी. "ही जुळाऱ्याची रेघ. नातीचं तोंड रोज सकाळी उजेडात उघडून बघून राह्यलो. अजून न्हाई उमटली. अजून न्हाई, म्हून तर आताच बोलाय पाह्यजे."

त्यांना नगरपालिकेत अर्ज द्यायचा होता. पण त्या वर्षी त्यांचा उजवा पंजा उस्तादासारखा लोंबायला लागला होता. खिळे ते डाव्या हातानं कसेबसे लावायचे, लेखणी धरवत नव्हती. एका दुपारी रिमांच्या मागं बसून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांनी अर्ज असा सांगितला, जसा एखादा फर्मा जुळवतात. एक शब्द जास्त नाही. खिळे धुतलेलं पाणी कुठून निघतं, कुठं जातं, कोण पितं. शेवटी लिहायला लावलं, "पाणी बंद करावं एवढीच मागणी आहे, छापखाना बंद करावा अशी नाही." मी मजकूर वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. "बराबर हाये. अक्षर गोल हाये तुझं, माय. लिवायचं सोडू नको."

मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा शाईच्या पाटीवर टेकवला आणि कागदावर उमटवला. तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर जुळवणाऱ्या माणसाचा अंगठा. म्हणाले, "आता शेजारी तुझं नाव लिव. अंगठ्याच्या बाजूला लिवणाऱ्याचं नाव लागतं. न्हाईतर अंगठ्याला कोण इचारतं?"

मी म्हणाले, "मामा, माझं नाव नको."

"कामून?"

मी लेखणी खाली ठेवली. नवऱ्याची खडी, घरातली दोन पोरं, मालकांचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली. "बरं. राह्यलं."

अर्ज त्यांनी तसाच नगरपालिकेत नेऊन दिला. नगरपालिकेचे फॉर्म आमच्याकडेच छापले जायचे. तिथला कारकून आठ दिवसांनी फॉर्मांचा गठ्ठा न्यायला आला, तेव्हा तो अर्ज खिशातून काढून त्यानं मालकांच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "शेठ, तुमच्याच घरचं दिसतंय. अंगठा हाये, पण लिवणाऱ्याचं नाव न्हाई. असा अर्ज पुढं जात न्हाई. लिवणारा पुढं आला तर मात्र मला घ्यावा लागंल."

मालकांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मशिनी बंद झाल्या. त्यांनी एका गठ्ठ्यावरची चिठ्ठी सोलून काढली आणि अर्जाच्या शेजारी ठेवली. दोन्हींवरचं अक्षर एकच होतं. आंधळ्यालाही कळलं असतं. मालक मला म्हणाले, "कावेरीबाई, हे अक्षर तुमचं का?"

त्यांना ठाऊक होतं. त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि काय ऐकायचं होतं तेही मला कळत होतं. मी मामांकडे पाहिलं नाही. म्हणाले, "न्हाई. माझं न्हाई."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मलाच नवल वाटलं.

"मग कुणाचं? सोनाजी, तूच लिहिलंस का?"

मामा म्हणाले, "हो. मीच लिवलं."

"लिहून दाखव."

मालकांनी पेन्सिल पुढं केली. मामांनी उजवा हात वर उचलला. पंजा खाली लोंबत होता. डाव्या हातानं त्यांनी पेन्सिल उजव्या बोटांत बसवली, कागदावर टेकवली. ती पडली. पुन्हा बसवली. पुन्हा पडली. घरंगळत माझ्या पायाशी आली. सरूबाईनं ती उचलून टेबलावर ठेवली. मी वाकलेसुद्धा नाही.

"लिवता येत न्हाई मला," मामा म्हणाले. "पण लिवलेलं खरं हाये."

कारकुनानं अर्ज परत खिशात घातला नाही. तो तिथंच टेबलावर राहिला. मामांना त्याच दिवशी काढून टाकलं. जाताना त्यांनी हात धुतले, तसेच, राख लावून, डब्यावर. डबा घेऊन मागं गेले. रांजण नव्हते. थोडा वेळ ते डबा घेऊन रिमांपुढं उभे राहिले, आणि मग तो तसाच भरलेला खाली ठेवून गेले. तो डबा कुणी हलवला ते मला माहीत नाही. तो हलवायलाही मी गेले नाही.

पाऊस अजून आला नव्हता. मामांनी अंथरूण धरल्याचं सरूबाईकडून कळलं आणि मी एकदा बौद्धवाड्यात गेले. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं. सुजाता जर्मलच्या पेल्यात पाणी घेऊन आली. दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून. मी पेला घेतला. पाणी निवळलेलं, स्वच्छ दिसत होतं. मी ते ओठाला लावू शकले नाही.

मामांची सून दारात उभी होती. तिचं तोंड कठीण झालं. "आमच्या हातचं चालत न्हाई का बाईला?"

मामा उशीवरूनच म्हणाले, "तसं न्हाई गं. तिला म्हाईत हाये, म्हून पीत न्हाई." मग माझ्याकडे वळून, "ठिव माय पेला खाली. तुला म्हाईत हाये, मालकाला म्हाईत हाये. पिणाऱ्याला बी म्हाईत हाये आता. पण त्याला दुसरं पाणी न्हाई. वरच्या झिऱ्यावर आमचं भांडं लागू देत न्हाईत."

मी पेला खाली ठेवला. मला माहीत होतं म्हणून मी प्यायले नाही, हे खरं. पण त्या हातात धावड्याची सवयही होती, आणि दोन्हींतलं कुठलं आधी आलं हे मी स्वतःला विचारलेलं नाही. वरच्या झिऱ्याचा एक हंडा मी रोज त्यांच्या दारात ठेवू शकले असते. सुचलं नाही, असं नाही.

त्या दिवशी मामा मला अर्जाबद्दल काही बोलले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. निघताना एवढंच विचारलं, "रांजणावर झाकणं हायती ना?" त्यांचं ध्यान कुठंतरी गेलं होतं.

"हायती, मामा," मी म्हणाले. "दगड बी हायती वर." दगड आत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. मग पाऊस आला, ओढा वाहिला, झिरे बुजले, आणि चरातून काय आलं होतं ते दाखवायला कुणाजवळ काही उरलं नाही. दुष्काळात छपाई वेळेवर करून दिली म्हणून मालकांचा सत्कार झाला. त्याच्या निमंत्रणपत्रिकांच्या घड्या आम्हीच घातल्या.

याला सात वर्षं होत आली. सुजाता अकरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात ती आईबरोबर बाजारात भेटली. शाळेत पहिलीतच बसते. आई म्हणाली, "अक्षर दाखवलं की म्हणती, उंद्या विसरती. मास्तर म्हणतेत, डोक्यात राह्यतच न्हाई हिच्या." पाण्यानंच झालं असं मी म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही. पण तीस वर्षं अक्षरं हाताळणाऱ्याची ती नात आहे. मी दुकानाची पाटी दाखवून विचारलं, "हे काय लिहिलंय गं?" ती पाटीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघून हसली. तेव्हा तिची हिरडी मी पाहिली. कुणाची तरी सवय लागली असावी तशी पाहिली. उजेड कमी होता.

हे सगळं मी मामांनी दिलेल्या बिघडलेल्या कागदांवर लिहिलं आहे. कोऱ्या बाजूला. आता शेवटचा कागद उलटून पाहिला. पाठीमागं हजेरीपत्रक आहे, फर्मा तिरका बसला म्हणून बाद झालेलं. रकाने मामांनीच जुळवलेले. नाव, गाव, काम, आणि शेवटी, सही किंवा अंगठा.

नावाच्या रकान्यात मी सोनाजी खरात, केदारखेडा असं लिहिलं. कामाच्या रकान्यात जुळारी. शेवटच्या रकान्यात अंगठा असायला हवा होता, तो आता मिळायचा नाही. त्याच्या शेजारी, लिहिणाऱ्यानं जिथं लिहायचं असतं तिथं, मी माझं पूर्ण नाव लिहिलं.